चाळिसावं नाव

मी धनश्रीनं लिहिलेला छपाईचा कोड. मला हात नाहीत, शाई नाही. पण कडोदऱ्याच्या आमच्या कापड विणणाऱ्या लूम कारखान्यात भिंतीवर जी यादी लागते, तिचं प्रत्येक अक्षर माझ्या हुकमानं कागदावर येतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझ्या आधी इथे हजेरीचा एक जुना प्रोग्राम होता, सी भाषेत लिहिलेला. त्यात नावं फक्त पडद्यावर दिसायची. मग कामावर देखरेख करणारे भाईदास मास्तर खुर्ची ओढून बसत आणि एकेक नाव हातानं उतरवून घेत. त्यांचं अक्षर कधी कधी त्यांनाच लागत नसे.

डिंडोलीची धनश्री कॉलेज संपवून इथे कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून आली. दार आपटलं तरी दचकणारी मुलगी. "मास्तर, मी यात प्रिंटची सोय करून बघू का?" एवढं विचारायला तिला आठ दिवस लागले.

माझा जन्म काही थाटात झाला नाही. पहिल्यांदा प्रिंटर करकरला तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. कागद आला, तर सगळी नावं वरच्या कोपऱ्यात मुंग्यांसारखी गोळा झालेली! प्रिंटरचे ठिपके पडद्यापेक्षा कितीतरी बारीक, आणि मी पडद्याच्याच मापानं छापलं होतं.

"हे वाचायला भिंग आणू का दुर्बीण?" मास्तर म्हणाले.

तिनं माप सुधारलं. दहा नावं घालून पुन्हा छापलं. ठसठशीत अक्षर, सरळ ओळी. मास्तरांनी कागद उजेडात धरला. "हां, आता वाटतो कंपनीचा कागद." मी फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमचे निम्मे कामगार खानदेशातले, आणि आखाजीला लेकी माहेरी जातात. रजेची बावन्न नावं मला दोन पानांवर छापायची होती. यादीत नाव, त्याला रजा.

धाग्याच्या बॉबिन भरणाऱ्या शोभाबाई यादीसमोरून हलेनात. तीन वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या, आणि आता आईनं अंथरूण धरलं होतं.

"मन्हं नाव कोठे शे वं, बेटा?"

धनश्रीच्या आधी मास्तरच बोलले. "यादीत नाही ना, बाई. शेठनं कट केलं असेल."

शोभाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या मशीनवर परत गेल्या.

धनश्रीनं यादी पाहिली. पहिलं पान एकोणचाळीसवर संपलं होतं, दुसरं एक्केचाळीसवर सुरू झालं होतं. चूक माझी होती. पान भरलं की मी नवं पान घ्यायचो, पण हातातली ओळ तशीच टाकून पुढची वाचायचो. दहा नावांत पान भरलंच नव्हतं, मग कळणार कसं?

तिला गप्प बसता आलं असतं. दोष शेठवर गेलाच होता. तरी ती उठली आणि लूमच्या खडखडाटात ओरडली, "मास्तर, शेठनं नाही कापलं! माझ्या प्रोग्रामनं नाव खाल्लं!"

"खाल्लं? पोट आहे का त्याला?"

"पाच मिनिटं द्या ना."

तिनं माझ्यात एकच ओळ वाढवली. मास्तर मागे उभे होते, म्हणून ती ओळसुद्धा तिला दोनदा टाइप करावी लागली. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर मी छापलं : ४०. शोभाबाई. ऊनऊन कागद शोभाबाईंनी दोन्ही हातांत धरला. "हाई मन्हं नाव," त्या म्हणाल्या.

"बघत काय बसलात? पिशवी भरा," मास्तर म्हणाले.

त्या परतल्या त्या आखाजीच्या गोड सांजोऱ्यांचा डबा घेऊन. आईनं दोन घास त्यांच्या हातानं खाल्ले होते. एक सांजोरी त्यांनी प्रिंटरवर ठेवली. "याले बी एक. पोट भरेल ऱ्हायनं तं नाव खावाव नही." धनश्री इतकी हसली की प्रिंटर करकरला तरी दचकायचंच विसरली.

त्याला वर्ष झालं. प्रिंटरवरचा तुपाचा डाग अजून आहे. धनश्री आजही करकर ऐकून दचकते, पण यादी भिंतीवर लावण्याआधी पहिल्या पानाच्या तळाला बोट ठेवते, मग दुसऱ्याच्या माथ्याला. तुम्हीही माझ्यासारख्या कुणाला घडवलंत, तर दहा नावांवर शाबासकी देऊ नका. त्याला पान उलटायला लावा.

आज यंदाच्या आखाजीची यादी आहे. शोभाबाई पिशवी भरूनच आल्या आहेत. धनश्रीनं बटण दाबलं. नावं मोजून घ्या, मी तयार आहे.