चेकरचा कान

“घाई करू नका काका, नीट ऐका,” असं म्हणत जितेशने तो जाडजूड हेडफोन दिवाकर घाडींच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बसवला. त्याला वायर नव्हती. कॉम्प्युटरला एक छोटी डबी लावायची, की आवाज हवेतून थेट कानात, अशी सगळी भानगड. पोरं तासन्‌तास मारामारीचे गेम खेळतात, त्यांच्यासाठी.

जितेशच्या वालीवमधल्या गाळ्यात साधे, वायरवाले हेडफोन जोडता जोडता माणसांचे केस पिकले होते. आता त्या मालाला कोणी विचारत नव्हतं. चीनचा निम्म्या भावात मिळायचा. अशात, २००८ साली, एका पार्टीने बिनवायरचे जोडून द्याल का असं विचारलं, तेव्हा जितेशला हायसं वाटलं होतं. दोन नमुने आले होते. त्यातला कोणता घ्यायचा ते घाडींनी सांगायचं, कारण गाळ्यातले चेकर तेच. जितेशच्या वडिलांनी त्यांना त्या खुर्चीवर बसवलं त्याला जमाना झाला, आणि घाडींनी पास केलेला माल कधी परत आला नव्हता. ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही, असं घाडी म्हणत. पण नायगावच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ती सगळ्यांना पाठ होती, म्हणजे कोणीतरी सांगितलीच असणार. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कोणाचा मुलगा परदेशात असतो, कोणाचा बंगला असतो. घाडींना कान होता.

त्यांची रीत ठरलेली. एकच भजन लावायचं. पूर्वी कॅसेटवर होतं, आता कॉम्प्युटरमध्ये. दुसऱ्या कडव्यानंतर टाळ वाजतात आणि त्यांचा नाद बारीक होत होत विरतो. तो शेवटपर्यंत स्वच्छ आला तर माल पास, नाहीतर बाजूला. घाडींनी डोळे मिटून दोन्ही नमुने ऐकले.

“दोन्ही चांगले आहेत शेठ. टाळ अगदी मोकळे वाजतात.”

जितेशलाही पहिला चांगला वाटला. मग त्याने दुसरा नमुना आपल्या कानाला लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. “ह्याच्यात टाळ कुठेयत काका? मला तर नुसतं घूं घूं येतंय.”

“आहेत. तुम्हाला सवय नाही.”

जितेशने स्वतःच्याच कानावर शंका घेतली. एवढा घाडींचा दरारा. “बरं, मग आपण गेमवरच बघू,” तो म्हणाला. “मागून माणूस चालत येतो. पावलं डावीकडून वाजतायत की उजवीकडून, तेवढं सांगायचं. पोरांना तेच पाहिजे असतं, नाहीतर गोळी बसते.”

पडद्याच्या कोपऱ्यातल्या नकाशात तो माणूस दिसतो, म्हणून त्याने घाडींची खुर्ची उलटी फिरवली आणि चांगला वाटलेला पहिला नमुना त्यांना घातला. घाडींच्या समोर आता पॅकिंगचं टेबल आलं, आणि टेबलापाशी उमेळ्याची लिडिया. खोकी बंद करता करता ती घाडींच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती.

गेम सुरू झाला. बंदुकांची धडधड आली, ती घाडींना ऐकू आली. मग ती थांबली. घाडी वाट बघत राहिले. पावलं काही येईनात. भजन पाठ होतं, त्यात पुढे काय येणार हे डोक्याला माहीत असायचं. इथे डोक्याला काहीच माहीत नव्हतं.

समोर लिडियाने मान वर केली, जितेश बघत नाही याची खात्री केली आणि नुसते ओठ हलवले. डावीकडे.

घाडींना ते लख्ख समजलं. आवाज नसताना समजलं. आपण हे असंच करत आलोय, लोकांच्या तोंडाकडे बघून ऐकत आलोय. आणि हिला ते ठाऊक आहे.

डावीकडे, एवढं म्हटलं असतं तर खुर्ची वाचत होती.

त्यांनी हेडफोन काढला. “शेठ, मला पावलं ऐकू येत नाहीत.”

“पीसच खराब असेल,” जितेश घाईने म्हणाला. चांगलं पोरगं.

“पीस चांगला आहे,” घाडी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडताच लिडियासमोर जाऊन बसले. “कधीपासून माहीत होतं?”

“मागच्या नाताळच्या मालापासून,” लिडिया म्हणाली. “तुम्ही पास केलेल्यातले थोडे खरखरत होते. म्हटलं, काका दमले असतील.”

“मग?”

“मग काय, पॅक करायच्या आधी मी एकेक लावून बघायची. खराब निघाला की बाजूला.”

“मला सांगायचं होतंस.”

“कसं सांगणार? माल परत येत नाही म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगायचा ना.”

घाडींना राग आला, मग राग कोणावर काढायचा ते कळेना, मग नुसतीच लाज वाटली. ते उठून आपल्या जागेवर गेले आणि संध्याकाळी डबा तसाच घरी घेऊन आले.

घरी ते खिडकीशी बसले होते. त्यांची बायको विमलाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “चहा टाकू?”

“हे विचारायला एवढं समोर कशाला यायचं?”

“आतून विचारलं तर तुम्ही बोलत नाही.”

“कधीपासून?”

“झाली दोन-तीन वर्षं.” त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग आहे. काय चुकलं असेल ते शोधायची मी.”

दोन-तीन वर्षं ही बाई स्वतःची चूक शोधत होती. घाडींना एवढं रडू आलं की त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. विमलाबाई चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी, “खुर्ची तुमचीच आहे काका,” असं जितेश दोनदा म्हणाला. घाडी मान हलवून पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन बसले आणि पुठ्ठ्याची खोकी घड्या उलगडून उभी करू लागले. त्यांच्या खुर्चीवर लिडिया बसली. नुसती कडेला टेकली होती, कोणी उठ म्हटलं तर उठता यावं अशी.

थोड्या वेळाने ती एक हेडफोन घेऊन त्यांच्याकडे आली. समोर उभी राहून म्हणाली, “काका, ह्याच्यात बारीक खरखर आहे वाटतं. तुम्ही बघा ना जरा.”

घाडींनी तो डोक्यावर चढवला. सवयीने डोळे मिटले. खरखर ऐकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते तसेच बसले. मग हेडफोन काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

“तुला ऐकू येते ना?”

“हो.”

“मग आहे,” घाडी म्हणाले, आणि त्यांनी पुढचं खोकं उचललं.