दत्तोबाचे फुटाणे

हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. पेशवाईतल्या कर्जाची गोष्ट आता कोण वाचणार? पण दत्तोबा काही डोक्यातून जाईना.

तर, पुण्यात भवानी पेठेत चांद शिकलगार राहायचा. सरकारी हत्यारखान्यातल्या तलवारींना धार लावायचा, महिन्याला पगार. बापाच्या आजारपणात दीनानाथ सावकाराचं कर्ज काढलं आणि ते थकलं. सावकार म्हणाला, धारेचं चाक द्या, वर सगळा पगार हत्यारखान्यातून परस्पर माझ्याकडे वळवा. चांद नाही म्हणाला. मग सावकाराने दारात धरणं बसवलं.

धरणं म्हणजे सावकाराचा माणूस उंबऱ्यापाशी उपाशी बसणार, आणि तो उपाशी तोवर घरातही चूल पेटायची नाही. रीतच होती. मोडली तर पेठेत तोंड दाखवायची सोय नाही.

बसायला आला दत्तोबा. पगारी उपाशी.

चांदची बायको सलीमा नुकतीच बाळंत झालेली. दुसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं. बाळाचा रडून रडून आवाज बसला. चांदला ते ऐकवेना. जाऊ दे चाक, म्हणत तो ते उचलायला वाकला.

"अहो शिकलगार, ठेवा ते खाली!" दत्तोबा ओरडला. "चाक दिलंत तर कमावणार काय, माती?"

आणि त्याने कनवटीचे फुटाणे काढून तोंडात टाकले. असे कडाकडा चावले की गल्लीला ऐकू जावं. शेजारच्या मथुराबाई दारातून बघत होत्या.

"मथुराबाई, बघताय ना? उपास मोडला माझा! वहिनी, पेटवा चूल."

"अहो, सावकार तुम्हाला हाकलेल," चांद म्हणाला.

"हाकलू दे. बसून बसून पाय आखडलेत."

सलीमा चुलीकडे धावली.

धरणं मोडलं, म्हणून सावकाराला पंचांकडे जावं लागलं. पंचांनी निम्मा पगार सावकाराकडे वळवला, निम्मा घराच्या पोटाला राखला. चाकाला हात लावायचा नाही, म्हणाले. ज्यावर माणूस कमावतो तेच नेलं तर कर्ज फिटणार कशातून?

दत्तोबाला मात्र सावकाराने खरंच हाकललं. कळल्याबरोबर चांद त्याच्या घरी गेला.

"या, बसा," दत्तोबा म्हणाला. "पण जेवून आलायत ना? मला आता उपाशी माणूस दारात बघवत नाही."

चांद हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने दत्तोबाचे दोन्ही हात धरले.

"दत्तोबा, माझं चाक फिरतंय तोवर तुझी चूल विझू देणार नाही. अल्लाची शपथ."