पेन्सिल सेलचा प्लेअर

किशोरीला हवा होता तो प्लेअर पेन्सिल सेलवर चालणारा होता. दिसायला ओबडधोबड, बोटभर लांबीचा, काळा. पण वर रेकॉर्डिंगचं लाल ठिपक्याचं बटण आणि खाली सेल घालायची झडप. लाइट असो नसो, सेल संपला की कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दुसरा आणायचा आणि पुढे चालू. पनवेलच्या बाजारातल्या त्या दुकानात तिने तान्ह्या तनूला एका खांद्यावर टाकलं, मोकळ्या हाताने प्लेअर उचलला आणि विचारलं, "यात रेकॉर्डिंग किती वेळ होतं?"

दुकानदार हसला. "ताई, लोक गाणी भरायला घेतात हो. रेकॉर्डिंग कशाला? कुणाला पकडायचंय का?"

"माझ्या आईचं गाणं घ्यायचंय."

"आई गातात? कुठे, रेडिओवर?"

"लग्नात."

तिने बटण दाबलं, यंत्र तोंडाजवळ धरून दोन ओळी गुणगुणल्या आणि लावून ऐकल्या. आवाज स्वच्छ होता. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा त्यात आला होता. तिला हाच प्लेअर हवा होता.

तिचा नवरा प्रणित तोवर दुसऱ्याच काउंटरवर जाऊन पोचला होता. त्याच्या हातात चकचकीत, निळ्या पडद्याचा प्लेअर. "हा बघ. यात व्हिडिओपण दिसतो. रेकॉर्डिंग यातही आहे."

"सेल कुठे घालायचा?"

"सेल नाही गं, कॉम्प्युटरला लावून चार्ज करायचा. घरात मिथुनचा कॉम्प्युटर आहेच की."

"मला सेलवाला हवाय."

"सारखे सेल कोण आणत बसणार?"

ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायच्या वेळी तनूने भोकाड पसरलं आणि किशोरीचं नाही त्या रडण्यात बुडालं. प्रणितने निळा पडदा पिशवीत घातला. हे सगळं तिने मनात ठेवलं. रागाचं ठेवणं तिच्याकडे बरंच होतं, पण ते कुणाला कधी दिसायचं नाही, कारण हातात नेहमी मूल असायचं.

तिची आई ठमाबाई पळस्प्याकडच्या गावात राहायची आणि धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायच्या आधी हळद, देव, मांडव सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती पाटावर बसून गाते, तशी घरची माणसं एकेक विधी करत जातात. किशोरीला ते शिकायचं होतं. लहानपणी कानावर पडलं होतं, पण सलग येत नव्हतं, आणि आता सासर, संसार आणि तनू यांतून माहेरी जाऊन बसणं होत नव्हतं. एकदा ती आईला म्हणाली, घरातच गा, मी भरून घेते. ठमाबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"हलद नाय, नवरी नाय, आन धवला कोनाला गाऊ गो? भिंतीला?"

म्हणून मग काशिराम म्हात्र्यांच्या मोनालीच्या लग्नात किशोरी आईच्या मागे बसली आणि प्लेअर पदराखाली धरून सगळं भरून घेतलं. देवांना आवतण, उंबराला आवतण, हळद दळायची, नवरी न्हाणायची. मधूनमधून घरच्यांची नावं. मधूनमधून तनूचं रडणंही.

तेव्हापासून धुणं धुताना, भाकऱ्या थापताना, तनूला पाजताना तिच्या एका कानात इअरफोन असायचा. एकच. एक कान आईला आणि एक कान लेकीला. धुण्याच्या दगडावर ओळीमागून ओळ बसत गेली. आई कुठे श्वास घेते, कुठे खाकरते, तेसुद्धा पाठ झालं.

फक्त दर दोन-तीन दिवसांनी तो प्लेअर मिथुनच्या खोलीत जायचा. मिथुन तिचा धाकटा दीर. लग्नाहळदीला साउंड लावायचा धंदा करायचा. स्पीकर, दिवे आणि कॉम्प्युटर, सगळं त्याच्या खोलीत. चार्ज करून देताना तो त्यात आपली चार धांगडधिंगा गाणी टाकून द्यायचा. "वहिनी, फुकटात भरून दिली." किशोरी ती पुसायची. तो परत टाकायचा.

नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये त्यांचं गावठाण अडकून राहिलं होतं. त्यातच दोन गल्ल्या सोडून भामाकाकींच्या मुलाचं, दादूचं लग्न निघालं. किशोरीने विचारलं होतं, धवल्याला माझ्या आईला सांगू का? भामाकाकी "बघू" म्हणाल्या. ते "बघू" कसलं होतं, ते हळदीच्या संध्याकाळी कळलं.

तनूला कडेवर घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिला आईचा आवाज ऐकू आला. पाय थांबले. आधी आनंद झाला, मग मनात आलं, आई आली आणि माझ्या दारावरून तशीच पुढे गेली? लेकीला, नातीला बघावंसं वाटलं नाही तिला?

तेवढ्यात त्या आवाजात एक मूल रडलं. घराएवढं मोठं रडणं. त्यावर एका बाईचा हलका आवाज आला, पण तोही पार रस्त्यापर्यंत गेला, "ओ ओ ओ, गप माजी बाय ती." किशोरीचा स्वतःचा आवाज होता तो. कडेवरच्या तनूने मान वर केली आणि आपलंच रडणं ऐकत राहिली.

मांडवात पाट मांडला होता. धवलारणीचा पाट. त्यावर कुणी नव्हतं. त्यावर वायरीचं भेंडोळं ठेवलं होतं, आणि बाजूला मिथुन, समोर लॅपटॉप, मागे पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर.

"या वहिनी," तो म्हणाला. "बघा, एकदम क्लिअर आलंय."

"माझ्या प्लेअरमधून कुणाला विचारून घेतलंस?"

"विचारायचं काय? घरचंच आहे."

"घरचं म्हणजे कुणाचं?"

"तुम्ही पण ना. तुमच्या आईंना तीन तीन तास बसावं लागतं. त्यांचा त्रास वाचला. आणि खरं सांगू, पुढच्या दोन हळदींची ऑर्डरपण आलीय मला. धवल्यासकट."

भामाकाकी ताट घेऊन येत होत्या. त्यांनी मध्ये तोंड घातलं. "आगो, मान देऊ ना आमी तुज्या आयशीला. लुगडा पाठवू घरी."

किशोरीने त्या भेंडोळ्याकडे बोट दाखवलं. किती तरी बोलायचं होतं, पण ओठावर एवढंच आलं, "तिच्या पाटावर वायर ठेवलीय तुम्ही."

"काढ रे ती वायर," भामाकाकी म्हणाल्या, जणू प्रश्न वायरीचाच होता.

हळद लावायला दादूची आजी हौसाबाई बसली. तिने बोटं हळदीत बुडवली आणि नातवाच्या गालाला लावली. स्पीकरमधून ठमाबाई गातच होती. आणि मग ती ओळ आली, जिच्यात आज हळद कुणाची ते सांगायचं असतं.

"ये गो मोनाली बाय, काशिरामाचे लेकी, हलदीच्या पाटाला बस गो."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून दादूचे मित्र हसत सुटले. "दाद्या, तू मोनाली कधी झालास?" "लाजतोय बघा, काशिरामाची लेक लाजतेय."

हौसाबाईचा हात मात्र गालावरच थांबला होता. ती हसली नाही. "बंद कर ते," ती म्हणाली. "कोनाची हलद लावतंय मी माज्या नातवाला? ती पोर नांदायला गेलीय दुसऱ्याच्या घरी."

मिथुनने घाईघाईने गाणं पुढे पळवलं. ते मधेच कुठेतरी जाऊन पडलं. तिथेही काशिरामाची लेक. आणखी पुढे पळवलं, तर तनूचं रडणं आणि पुन्हा मोनाली. त्याचा चेहरा घामाने डबडबला. हौसाबाईने पदराने नातवाचा गाल पुसून काढला, अगदी घासून, आणि किशोरीकडे वळली.

"पोरी, तुज्या आयशीला फोन लाव. सांग, ये म्हनावं आत्ताच्या आत्ता."

सगळ्या बायका किशोरीकडे बघायला लागल्या. तिचा फोन कमरेला होता. तिने हात लावला नाही.

"मी नाही लावणार, आजी."

"आगो, हलद सुकंल."

"सुकू दे. माझ्या आईला आजवर कुणी फोनवर बोलावलं नाही. तांदूळ-नारळ घेऊन घरचं मोठं माणूस जातं. भामाकाकींनी जावं, आणि सोबत मिथुनने." तिचा आवाज खाली येत नव्हता. "आणि जायच्या आधी त्याने त्या लॅपटॉपमधून माझी आई काढून टाकावी. माझ्यासमोर."

"केवढा राग एका गाण्यापायी," कुणीतरी पुटपुटलं.

"मग गा ना तुम्ही," किशोरी म्हणाली. कुणी गायलं नाही.

मिथुनने पुसलं. ती त्याच्या खांद्याआड उभी राहून बघत होती. मग तो आणि भामाकाकी नारळ घेऊन रिक्षात बसले. दादू अर्ध्या पिवळ्या तोंडाने पाटावर बसून राहिला. पोरांना भुका लागल्या. कुणी किशोरीशी बोललं नाही, आणि तिनेही कुणाकडे बघितलं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून ती तनूला पाजत राहिली.

ठमाबाई आली ती हातात नारळ घेऊन, तोंडात पान धरून. स्पीकरपाशी थांबली. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"यात व्हती का मी?"

मिथुनने मान खाली घातली. "हो मावशी."

"बरी गायली का?"

बायका हसल्या, हौसाबाईही हसली. किशोरीला मात्र हसू आलं नाही. तिला वाटत होतं, आईने चिडावं, पाट लाथाडावा. ठमाबाईने तो पदराने पुसला आणि त्यावर बसली. तिच्या मागून ओळ धरणारी बाई एवढ्या घाईत आली नव्हती.

"किशोरी. बस मागं."

"मी?"

"मंग कोन? तो डबा?"

ती बसली, मांडीवर तनू. ठमाबाईने सुरुवात केली आणि किशोरीने ओळ धरली. एक शब्द अडखळला नाही. धुण्याच्या दगडावरचं, चुलीपुढचं, पाजतानाचं सगळं आपसूक येत गेलं. आईच्या श्वासाला श्वास. तिच्या मनात आलं, बघा म्हणावं, हे गाणं कुणाचं आहे. मान ताठ झाली. हळदीची ओळ आली. आईने दादूचं नाव घेतलं, आणि किशोरीने मागून मोठ्याने, खणखणीत आवाजात गायलं, "ये गो मोनाली बाय..."

ठमाबाईने न थांबता मागे हात नेला आणि तिच्या मांडीला कचकचीत चिमटा काढला.

दादूचे मित्र परत हसून लोळले. मिथुन स्पीकरआड तोंड फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. किशोरीचे डोळे भरून आले. राग होताच, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. महिनोन्महिने ऐकलेलं नाव तोंडात असं बसलं होतं, की समोर बसलेला माणूस दिसलाच नव्हता.

पुढच्या वेळी नावाची जागा आली तेव्हा ठमाबाई गप्प झाली. मुद्दाम. तोंड मिटून, समोर बघत. सगळा मांडव वाट बघत राहिला. किशोरीने मान वर केली. दादूकडे बघितलं, त्याच्या पिवळ्या कानांकडे. मग भामाकाकींकडे, मग हौसाबाईकडे. तोंडं बघून बघून तिने एकेक नाव घेतलं. हौसाबाईच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव तिला माहीत नव्हतं. ते आईने मागे न वळता हळूच सांगितलं. तिने गायलं. हौसाबाईने डोळ्याला पदर लावला आणि परत हळदीत बोटं बुडवली.

घरी आल्यावर मिथुन प्लेअर घेऊन दारात उभा राहिला. "वहिनी, यातलंपण पुसू का?"

"हात लावू नकोस. तनू रडलीय त्यात."

"सॉरी म्हणतोय मी."

"ऐकलं. चहा मात्र तुझा तू करून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रणितला सांगितलं, बाजारात जायचंय, सेलवाला प्लेअर आणायचाय.

"आणि हा? चांगला आहे की. व्हिडिओ दिसतो."

"हा कपाटात राहील. यात मोनालीचं लग्न आहे, ते झालं." तिने तनूच्या अंगात झबलं चढवलं, एक हात, मग दुसरा. "आता आईबरोबर मी सगळ्या लग्नांना बसणार. प्रत्येक लग्नाचं वेगळं भरणार. एकच नाव तोंडात बसायला नको."

"सगळ्या लग्नांना? आणि तनूला कोण बघणार?"

किशोरीने तनूला उचललं आणि त्याच्या हातात दिलं.