मांडीवरची पिशवी

दिगंबरराव खळदकरांना काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे नम्रताला एव्हाना पुरतं कळलं होतं. त्यांच्या बिबवेवाडीच्या कारखान्यात तिने रोलर कोस्टरच्या सीटचा दांडा तयार केला होता. दांडा मांडीवर घट्ट बसतो आणि माणसाला धरून ठेवतो. पण मांडीवर पिशवी असली की तो पिशवीवरच अडतो, तिथल्याच खाचेत कुलूप लागतं आणि वर पॅनलवर हिरवा दिवाही पेटतो. उतारावर पिशवी सटकली की माणूसही सुटला.

"दांडा पुरता खाली आल्याशिवाय दिवा लागायलाच नको," ती सांगून सांगून थकली होती. "खाच बदलू या, सर."

"मग जाड माणसांनी काय करायचं?"

"खाली उभं राहून टाटा करायचा."

दिगंबरराव हसले नाहीत. त्यांनी पाटी लावली: 'पिशवी मांडीवर घेऊ नये. घेतल्यास नंतर ती शोधायला आपण असालच असे नाही.' स्वतःच्या मजकुरावर ते इतके खूश झाले की खाचेचा विषयच संपला. पाटी लावली की लोक ऐकतात, हे यांना कुठल्या शहाण्याने सांगितलं देव जाणे!

खडकवासल्याजवळच्या पार्कात पहिली फेरी घरच्यांसाठी होती. नम्रताचे वडील बद्रीनाथ कर्वेनगरहून आले, पाटी मोठ्याने वाचून "झकास!" म्हणाले आणि स्वेटर मांडीवर पसरून बसले. सगळे दिवे हिरवे झाले. तरी नम्रताने मागच्या सीटपासून एकेक दांडा हाताने हलवून पाहायला घेतला. वडिलांच्या दांड्याखाली स्वेटर होता आणि स्वेटरखाली फुगलेली कापडी पिशवी.

"बाबा! पाटी वाचलीत ना?"

"वाचली की. पण ती लोकांसाठी असते. आणि तुमचा तो सामान ठेवणारा पावती देत नाही."

नम्रताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून जास्त ती घाबरली होती. आणखी मिनिटभराने हाच माणूस त्या उतारावर असता. "गाडी सुटणार नाही," ती ओरडली.

"एका पिशवीपायी?" दिगंबरराव खेकसले. "असतो एखादा अतिशहाणा! ती काढा आणि सोडा गाडी."

बोलता बोलता त्यांची नजर पहिल्या सीटवर गेली. तिथे त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मांडीवर पदर नीट पसरून बसल्या होत्या.

"अगं, पदराखाली काय आहे?"

"डबा. तुमचाच. गोळी घ्यायच्या आधी खायला नको?"

दिगंबररावांनी डब्याच्या बाजूने दांड्याखाली हात घातला. तो आरपार गेला. त्यांनी दांडे उघडायला लावले, बायकोला हाताला धरून खाली उतरवलं, आणि तो हात सोडायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.