जाताना पिशवी जड

धंद्यातल्या माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "माणसाचं तोंड बघू नकोस, हात बघ. तोंडावर काहीही आणता येतं, हातातलं लपत नाही." याच शिकवणीवर खाजगी गुप्तहेर म्हणून मी पंचवीस वर्षं पोट भरलं. कोण किती वाजता कुठल्या दारात शिरलं, जाताना हातात काय होतं, येताना काय उरलं. माझे अहवाल बायको टाइप करते. ती म्हणते, "तुमच्या कागदांत माणसं नसतातच हो. नुसत्या पिशव्या चालत असतात."

या खेपेचं काम एका वर्तमानपत्राच्या संपादकांचं होतं. नऊ वर्षांपूर्वी खालच्या वस्तीच्या नळांना कारखान्याचं विषारी पाणी आलं आणि चार लेकरं दगावली. सरकारी प्रयोगशाळेचा दाखला मात्र सांगत होता, पाणी शुद्ध आहे. कारखाना मंत्र्यांच्या मेहुण्याचा. तेच मंत्री आता सर्वांत वरच्या खुर्चीवर बसायला निघाले होते. तो दाखला कुणी आणि कसा लिहवून घेतला, याचा पुरावा संपादकांना गुरुवारी दुपारच्या आत हवा होता.

दाखल्यावर सही होती तिथल्या तपासनीस बाईंची. सोमवारी मी प्रयोगशाळेत गेलो, तर बाई मागच्या मोरीवर काचेच्या बाटल्या धूत बसलेल्या.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"का केलीत?"

"केली. पुढचं विचारा."

"काही मिळालं असेल."

बाईंनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "मिळालं असतं तर इथे बाटल्या घासत बसले असते? हे काम मी मागून घेतलंय. इथे कशावर सही करावी लागत नाही." मग माझ्या बुटांकडे पाहत म्हणाल्या, "मागे सरका. भिजाल."

वहीत मी लिहिलं, 'लाच घेतली असावी.' आणि आपण कसे धुतल्या तांदळासारखे, या समाधानात बाहेर पडलो. ते समाधान आठवलं की आजही कानशिलं तापतात.

बुधवारी मंत्र्यांच्या जुन्या स्वीय सहायकाकडे गेलो. म्हातारा वृद्धाश्रमाच्या एका खोलीत दिवस मोजत होता. त्यानं स्वतःच संपादकांना निरोप धाडला होता.

"सगळं यात आहे," उशीखालून फाइल काढत तो म्हणाला. "चिठ्ठ्या, तारखा, बाईची सही कशी घेतली तेही. हे वर घेऊन जायची हिंमत नाही."

फाइल पुढे करताना त्याचा अंगठा दिसला. नख मधोमध दुभंगलेलं. चेहरा मला आठवला नाही. अंगठा आठवला. नऊ वर्षांपूर्वी तोच अंगठा माझ्या टेबलावर टेकवून एक गृहस्थ म्हणाला होता, "बायकोचा संशय येतोय. मंगळवारी कुठेतरी जाते." तो खरंच तिचा नवरा आहे का, हे मी विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात जिच्यामागे जायचं तिची कुंडली काढतात, काम देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

"ओळखलंत वाटतं," म्हातारा हसला. "फार नेटकं काम हो तुमचं. आम्हाला वरून काही जोडावंच लागलं नाही."

आयुष्यात इतक्या लोकांनी शिव्या दिल्या, पण या शाबासकीसारखं काही झोंबलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फाइल उघडली. माझे दोन कागद तळाशी होते. 'मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. स्त्रीच्या हातात डबा व कापडी पिशवी. दार एका पुरुषाने उघडले. चार वाजता परत. जाताना पिशवी जड, येताना हलकी.' असे पाच मंगळवार. म्हणजे ती मोरीवरचीच बाई; मागून चालताना तिचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. खाली मंत्र्यांच्या अक्षरात दोन ओळी : 'हा तिचा भाऊ. संपाच्या खटल्यात फरार आहे. दाखल्यावर सही केली तर आपण काही पाहिलं नाही.'

बायकोनं चष्मा लावून दोन्ही कागद वाचले.

"हे मी टाइप केलंय."

"हो."

"मी तेव्हा विचारलं होतं, अहो, हा माणूस कोण? चोरून भेटायला जाणारी बाई दर खेपेला डबा कशाला नेईल? तुम्ही म्हणालात, आपल्याला काय करायचंय?"

"म्हणालो असेन."

"असेन काय? म्हणालात. आणि मीही गप्प बसून टाइप केलं." तिनं चष्मा काढला. "भावाच्या तोंडात घास घालायला निघालेली बाई ती. आपण तिला काय ठरवून बसलो!"

मंत्र्यांना खाली ओढायला बाकीच्या चिठ्ठ्या पुरेशा होत्या. मी घसा खाकरून म्हणालो, "हे दोनच कागद बाजूला ठेवले तर?"

"ठेवा की. मग छापून येईल, बाईनं लाच खाऊन पोरं मारली." ती उठली. "देवापुढे काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी टाइप करून देणार नाही."

गुरुवारी सकाळी फाइल काखेत मारून पुन्हा त्या मोरीपाशी उभा राहिलो. तळाचे दोन कागद काढून पुढे केले. बाईंनी नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि वाचलं.

"हे तुम्ही?"

"मीच."

"जड, हलकी." मान हलवत म्हणाल्या, "बरोबर आहे. येताना डबा रिकामाच असायचा."

आरडाओरडा केला असता तर सोसलं असतं.

"तो तिथे आहे हे दोघींनाच ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला आणि वहिनीला. सही केली, तरी महिन्याभरात पोलिसांनी त्याला उचललाच. मला वाटलं, हिनंच फोडलं. ती रडून सांगायची, वन्सं, लेकरांची शपथ, मी नाही हो. भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा मी तिला दारात उभी केली नाही. नऊ वर्षं!"

"बाई, मला माफ—"

"ते राहू द्या. त्या चार आयांपुढे मलाही उभं राहायचंय. सही कुणीही करायला लावली, हात माझाच होता. हे छापायला द्या, तुमच्या नावासकट. आणि मग वहिनीकडे चला. मी सांगितलं तर तिला वाटेल, आता गोड बोलतेय. तुमच्या तोंडून ऐकू दे."

वाटेत संपादकांना फाइल दिली, अख्खी. तळाचे कागद वाचून ते माझ्याकडे बघतच राहिले.

"हे छापलं तर तुमच्या दारात कुत्रं फिरकणार नाही."

"नाही फिरकलं तर नाही," मी म्हणालो.

मग बाई पुढे चालू लागल्या. रस्त्यात त्यांनी वहिनीच्या पोरांसाठी फळं घेतली. मी पाहिलं, पिशवी कुठल्या हातात आहे, कितपत भरली आहे. पाहिल्यावर स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात त्या थांबल्या आणि मागे वळल्या. तेव्हा कळलं, मी सवयीनं समोरच्या फुटपाथवरून, वीस पावलं मागून चाललो होतो.

"मागून कसले येताय?" त्या तिथूनच ओरडल्या. "बरोबर चाला!"

रस्ता ओलांडून शेजारी आलो. तिसऱ्या मजल्यावर बाईंचा हात दोनदा घंटीपर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईचे केस पार पांढरे झाले होते. "वन्सं?" म्हणून तिनं चौकट घट्ट धरली. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"हे कोण?"

बाई बाजूला झाल्या. "सांगा," म्हणाल्या.

माझी नजर सवयीनं चौकटीवरच्या त्या हातांवर गेली होती. ती तिथून उचलून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगायला लागलो.