उतारावरचा दगड

उज्वलाने किल्ली फिरवली. सेल्फ घुरघुरत राहिला, इंजिनाने काही पकडलं नाही. ती जरा थांबली, पुन्हा फिरवली. तेच.

"बास वहिनी, सेल्फ जाळता का आता," उघड्या बॉनेटमागून भिकन मिस्त्री ओरडला.

तिने हात काढून मांडीवर ठेवला. अंगणात तिचा दीर अमोल मोबाइल हातात घेऊन उभा होता. रविवार म्हणून तो सकाळीच शहरातल्या गंगापूर रोडवरून आला होता. पेठचा एक माणूस पिकअप विकत घ्यायची म्हणून दुपारी बघायला येणार होता.

तिचा नवरा योगेश गेला त्या दिवशी कुणीतरी गाडी पॅकहाऊसवरून आणून अंगणात लावली, तेव्हापासून ती तिथेच होती. आता द्राक्षाचा हंगाम लागला होता. पिंपळगावच्या पॅकहाऊसने द्राक्षाचे क्रेट वाहायची योगेशची फेरी अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. उज्वलाला गाडी चालवता येत होती, तिने होही म्हटलं होतं. पण सकाळी गाडी चालू व्हायला तयार नव्हती, आणि सकाळी वेळेवर न येणारी गाडी पॅकहाऊसला नको होती.

"चालू झाली तर ठेवू, वहिनी," अमोल म्हणाला. "पण नवी बॅटरी टाकून झाली, इंजिनाचा हीटर बदलून झाला. रोज धक्का मारायला काय गाव गोळा करायचं?"

"नाही," ती म्हणाली. हल्ली ती सगळ्यांना एका शब्दात उत्तर द्यायची. लोकांना वाटायचं, बाई खंबीर आहे.

भिकनने हात पुसले. "बॅटरी चांगली हाय, सेल्फ चांगला हाय. एकदा धरली की दिवसभर त्रास देते का?"

"नाही. रात्रभर उभी राहिली की मगच."

"आन् योगेशदादा होता तवा?"

तिने आठवून बघितलं. "तेव्हा नाही. तेव्हा विहिरीकडच्या उतारावर लावायचे. तोंड खाली करून. हँडब्रेक धरत नाही म्हणायचे, म्हणून चाकाला दगड."

भिकनने पेटीतून पारदर्शक नळीचा तुकडा काढला, डिझेलच्या लाइनमध्ये बसवला आणि तिला सेल्फ मारायला सांगितलं. नळीतून डिझेल आलं, पण फेसाळत. बुडबुडे एकामागे एक धावत होते.

"एअर घेते," भिकन म्हणाला. "बघा अमोलभाऊ. पाइपाला कुठंतरी चीर हाय. रात्री डिझेल हळूहळू टाकीत उतरून जातं, सकाळी इंजिनाला हवा मिळते. उतारावर टाकी वर अन् इंजिन खाली, मग डिझेल जाईल कुठं?"

चीर फिल्टरजवळच्या रबरी पाइपाला होती, क्लिपखाली लपलेली. नखभर. भिकनने पाइप वाकवून दाखवला तेव्हा ती तोंड उघडावं तशी उघडली.

नवा पाइप कापता कापता तो म्हणाला, "हे मी दादाला दाखवलं होतं. लय आधी. म्हटलं, आत्ता बदलून देतो. तर म्हणे, राहू दे."

"का?" अमोलने विचारलं.

"मीबी तेच म्हटलं. तर हसला. म्हणे, उतारावर लावंल मी. दगड काढायला बायको हाय ना." तो खाली बघून पाइप बसवू लागला. "वहिनींचं बाळ गेलं, तो हिवाळा."

उज्वला स्टिअरिंगकडे बघत होती.

त्या हिवाळ्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. दिवस उजाडला काय, मावळला काय. आणि एका सकाळी बाहेरून हॉर्न सुरू झाला. थांबेचना. "उज्वले, दगड काढ!" शेजारपाजारी जागे होतील म्हणून ती शाल गुंडाळून चिडत बाहेर गेली. दगड गार होता, जड होता. तो बाजूला सारला तशी गाडी तिच्या अंगावरून वारा घालत उतरली आणि खाली जाऊन धरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा हॉर्न. पुढे ती हॉर्नच्या आधीच उठू लागली. दसऱ्याला योगेश गाडीबरोबर दगडालाही हळदीकुंकू लावायचा, झेंडूचं फूल ठेवायचा. ती म्हणायची, येडे की काय.

"मारा," भिकन म्हणाला. हँडपंपाने लाइनमधली हवा काढून झाली होती.

गाडी पहिल्या किल्लीला धरली. अमोल हसला आणि पेठच्या माणसाला येऊ नको सांगायला फोन लावत बाजूला गेला. उज्वलाने गिअर टाकला, गाडी अंगणातून काढली, विहिरीकडे नेली आणि उतारावर तोंड खाली करून उभी केली.

"वहिनी, आता कशाला तिथं?" अमोल लांबून ओरडला. "अंगणातच लावा की!"

तिने इंजिन बंद केलं. दगड गवतात होता. हळदीचा डाग अजून पुरता गेला नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी ओढत आणून चाकाखाली सारला.

संध्याकाळी अमोल शहराकडे निघून गेल्यावर ती ओसरीत आली. तिच्या सासूबाई यशोदाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. लेक गेल्यापासून अशाच. जवळचं ताट झाकलेलं तसंच होतं.

"आत्याबाई, सकाळी पॅकहाऊसला जायचंय. दगड काढायला कुणी नाही."

यशोदाबाईंनी पांघरूण वर ओढून घेतलं.

"शेजारच्या भारतला सांग."

"तो लवकर उठत नाही."

"मला नाय जमायचं."

उज्वलाने आग्रह केला नाही. खाटेखाली गेलेल्या त्यांच्या चपला तिने काढल्या, फडक्याने धूळ पुसली आणि दाराकडे तोंड करून ठेवल्या. मग ताट उचलून ती चुलीकडे वळली.

"उज्वले," भिंतीकडूनच आवाज आला. "लय जड हाय का गं तो दगड?"