माझा कच्चा सांधा

मित्रांनो, रेल्वे फाटकाशेजारच्या खोलीबाहेर दोन खुंटांवर एक लालपांढरा दांडा आडवा ठेवला आहे आणि त्यावर फाटकवाल्याचे टॉवेल वाळत आहेत. तो मीच. मी एक जुना, निवृत्त फाटकदांडा आहे. टॉवेलांवर जाऊ नका. एके काळी मोठमोठे ट्रक माझ्यापुढे मुकाट उभे राहत.

कारखान्यात मला घडवणाऱ्या वेल्डरने माझ्या बुडाजवळचा सांधा मुद्दाम कच्चा ठेवला. "वेळ आली तर हा मोडला पाहिजे," असे तो सोबत्याला म्हणाला. मला ते फार झोंबले. जन्मल्या जन्मल्या कोणी तुमच्या मोडण्याच्या गोष्टी केल्या, तर तुम्हाला आवडेल का?

फाटकवाल्या काकांनी मात्र मला डोक्यावर घेतले. ते दर रविवारी मला पुसत, वर्षातून दोनदा रंगवत. घंटा वाजली की ते चक्र फिरवत, मी खाली येई आणि कुलूप बसे. मग गाडी गेल्याशिवाय ते चक्र हलत नसे. घाईवाले गयावया करत, "काका, एवढं एकदा वर घ्या ना!"

"गाडी काय माझ्या सासऱ्याची आहे, थांबायला?" काका म्हणत. लोकांनी त्यांचे नाव दगडकाका ठेवले होते. त्यांना ते आवडे.

एकदा शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशीच्या गाडीचा आरसा मला घासला आणि बोटभर रंग उडाला. काकांनी आकाशपाताळ एक केले. "नवरदेवासारखा नटवलाय मी त्याला! पुन्हा ओरखडा उठला तर गाठ माझ्याशी आहे!" मावशी बिचारी चार दिवस मान खाली घालून जात होती. मी मात्र फुशारलो. ते बोलणे पुढे कोणाच्या जिवावर बेतेल, हे आम्हाला कुठे ठाऊक होते?

एका सकाळी घंटा वाजत असतानाच मावशी एका उंच ट्रकच्या मागोमाग रुळांवर शिरली. पलीकडे जागा आहे का, हे तिने पाहिलेच नाही. ट्रक माझ्याखालून जाऊन थबकला. त्याच्या आड काकांना व्हॅन दिसली नाही. त्यांनी मला आणि समोरच्या माझ्या जोडीदाराला खाली घेतले. कुलूप बसले. मग ट्रक पुढे सरकला, आणि दोन दांड्यांच्या मध्ये अडकलेली व्हॅन काकांना दिसली. आत सात मुले होती. लांबून शिट्टी ऐकू आली.

"काका, वर घ्या!" मावशी किंचाळली.

"कुलूप बसलंय! मोड दांड्याला!"

"अहो, पण तुमचा दांडा..."

"खड्ड्यात गेला दांडा! पोरं आहेत आत! घाल गाडी!"

लाल झेंडा हलवत काका येणाऱ्या आगगाडीच्या दिशेने धावले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'ये गं मावशी, ये!' व्हॅन धडकली. सांधा कडकन मोडला आणि मी रस्त्यात दूर जाऊन पडलो. व्हॅन बाहेर पडली, तोच मागून गाडी करकचत गेली. इतका आनंद मला कुठल्याच रंगाने दिला नव्हता.

मावशी रडत म्हणाली, "चूक माझी. पुढं जागा नसताना शिरले."

"मीही न बघता दांडा पाडला," काका म्हणाले. "आणि एका ओरखड्यापायी तुला भीती घातली, ती त्याहून मोठी चूक."

आता काका आधी बाहेर येऊन रूळ पाहतात, मगच चक्र फिरवतात. पलीकडे व्हॅनपुरती जागा दिसली की मुले "जागा आहे!" असे ओरडतात, आणि तेव्हाच मावशी गाडी पुढे घेते. माझ्या जागी आलेल्या नव्या दांड्यावर काकांनी मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'अडकलात तर मोडा.'

मित्रांनो, घंटा वाजली की थांबा. पलीकडे जागा दिसल्याशिवाय रुळांवर चाक घालू नका. आणि तरीही कोणाची गाडी आत अडकलीच, तर त्याला सांगा, दांड्याची दया करू नकोस. आम्हाला त्यासाठीच कच्चे ठेवलेले असते. मोडक्या दांड्यावर टॉवेल तरी वाळत घालता येतात.